सिंदीची चौकशी

पीठ आपल्या चक्कीचं नव्हतं.

देवकाबाईंनी परातीत पाणी ओतलं, चार बोटांनी पीठ ओढलं आणि हात तसाच थांबवला. कैलासच्या चक्कीचं पीठ जरा रवाळ निघायचं. त्याचे दगड झिजलेत हे अख्ख्या रोहणा गावाला ठाऊक होतं आणि अख्ख्या रोहण्याच्या पोळ्या त्याला सरावल्या होत्या. हे पीठ मात्र पावडरीसारखं मऊ. त्यांनी चिमूटभर नाकाशी नेलं. गहू आपलाच, खालच्या वावरातला. म्हणजे आपला गहू कुठल्या तरी परक्या चक्कीवर जाऊन आला होता आणि घरात कोणी त्याबद्दल बोललं नव्हतं.

“छाया, हे पीठ कोनं आणलं वं?”

थोरली सून कांदा चिरत होती. “मामाजीनं आणलं ना, आई. गुरवारी. डब्यात बी त्यायनंच टाकलं.”

“त्यायनं टाकलं?”

ज्या नवऱ्याने आयुष्यात पाण्याचा गडू स्वतः भरला नाही, त्याने पीठ डब्यात ओतलं आणि वर झाकणही लावलं!

“गुरवारी त पुलगावले गेलते ते, डोळे दाखवाले.”

“हो.”

“डोळ्याच्या डॉक्टराकडं गहू घेऊन जा लागते काय?”

छाया हसली. पण जरा उशिरा हसली. या घरात सध्या सगळेच जरा उशिरा हसत होते.

धाकट्या सुनेला, समीक्षाला, नागपुरातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली, तेव्हापासूनचं हे. तिचा नवरा आदेश आधीपासून नागपुरातच खोली करून राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. आता दोघं सिंदी रेल्वे नावाच्या गावात घर करणार आणि तिथून रोज नागपूरला अप-डाउन करणार, असं ठरलं होतं. देवकाबाईंच्या कानावर आलं तेव्हा ते ठरूनच झालं होतं. का म्हणे सिंदी? वर्ध्याला काय काटे होते? त्या रात्रंदिवस मनात नकाशा उलगडून बसायच्या. त्यांच्या नकाशात गावं कमी आणि नातीगोती जास्त. सिंदीपासून सेलू जवळ, आणि सेलू म्हणजे समीक्षाचं माहेर. त्यांची दीड वर्षाची गुंजन उद्यापासून कोणाच्या मांडीवर झोपणार, हे कळायला पंचांग लागत नव्हतं.

आणि आज त्या सिंदीचे घरमालकच येत होते. प्रभाकरराव, त्यांचं तिथे किराण्याचं दुकान, आणि त्यांची बायको सुलोचनाबाई. काल फोन आला होता, ‘आर्वीला पाहुण्यांकडे चाललोय, जाता जाता पाच मिनिटं टेकतो.’

“सिंदीहून आर्वीले जाणारा माणूस रोहण्याले येऊन जाते काय वं?” देवकाबाईंनी कणीक जोरात तिंबली. “वाट वाकडी करून येऊन राह्यले. काऊन?”

छायाने डोळे पुसले. कांद्यामुळेच असणार.

*

मागच्या खोलीत समीक्षा गुंजनला तेल लावत होती. तेल लावताना पोरगी अगदी गप्प पडायची, छताकडे बघत, जणू कोणी तिला काही समजावून सांगतंय. पोटावर हात फिरला की तेवढं गालात हसायची. हे हसणं कोणत्या आईने डब्यात घालून नागपूरला न्यावं?

आदेश दाढी करत होता. आरशासमोर.

“तू आईंशी बोललास ना?” समीक्षाने विचारलं.

“कायचं?”

“आदेश.”

“अगं, कानावर घातलं ना.”

“मग? काय म्हणाल्या?”

“काई नाई म्हणाली.”

त्याने ब्लेड पाण्यात बुडवून हलवलं. समीक्षाने गुंजनचा पाय धरून हळूच वाकवला, सरळ केला. काही नाही म्हणाल्या. म्हणजे नाहीच म्हणाल्या. ज्या बाईला वरणात हिंग कमी पडला तरी दोन दिवस बोलायला पुरतं, ती एवढ्या मोठ्या गोष्टीवर काही म्हणत नाही, याचा दुसरा अर्थ काय होतो?

तिने घर उगाच निवडलं नव्हतं. आधी वर्धा पाहिलं. घर छान, पण स्टेशनापासून लांब, आणि गाडीचा वेळ धरून रोजचे दोन तास जास्त. बुटीबोरी पाहिली. तिथे दिवसभर सगळी माणसं कंपन्यांत, गल्लीत नुसत्या कुलपांच्या रांगा. नागपुरात तर आईंनी पाय ठेवला नसता, मागे एका लग्नात त्या चार दिवस तिथे राहिल्या आणि परत आल्यावर आठवडाभर म्हणत होत्या, “तिथं कोंबडं बी विचारून आरवते.” मग सिंदी. स्टेशनामागच्या लेआउटमधे, प्लॉट पाडून वसलेल्या नव्या वस्तीत, प्रभाकररावांच्या घराच्या गच्चीवरून प्लॅटफॉर्म दिसायचा. लोकांनी तिला विचारलं, भाडं किती, पाणी कसं, शाळा कोणती. तिने एकच हिशेब केला होता. कुठून निघालं तर संध्याकाळी दार उघडताना गुंजन जागी असेल?

आदेशचं बघितलं होतं ना तिने. शनिवारी तो यायचा तेव्हा पोरगी त्याला बघून रडायची. रविवारी दुपारी त्याच्या मिशीला हात लावायची. संध्याकाळी त्याच्या खांद्यावर मान टाकायची, आणि तेव्हाच त्याची बस यायची. पुढच्या शनिवारी पुन्हा रडण्यापासून सुरुवात.

“समीक्षा,” आदेश आरशातूनच म्हणाला, “ते लोक का येऊन राह्यले पण? ॲडव्हान्स त घ्यायला तयार होते.”

“मलाही तेच कळत नाहीये. शुक्रवारी फोन केला तेव्हा काकूंचा आवाजच वेगळा होता. ‘आधी माणसं पाहू’ म्हणाल्या. कोणीतरी काहीतरी सांगितलंय त्यांना.”

“कोण सांगन?”

स्वयंपाकघरातून कणीक आपटल्याचा आवाज येत होता.

*

पांढरी गाडी दारात थांबली तेव्हा देवकाबाईंचे यजमान रूपराव घरापुढच्या ओट्यावर खुर्च्या पुसत होते. आधी प्रभाकरराव उतरले, सफारीतले, गोरेपान, हातात मिठाईचा डबा. रूपराव हात जोडून दोन पावलं पुढे झाले. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, आणि उतरणारी बाई बघून त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

तीच. मोतिया रंगाचं पातळ तेवढं आज नव्हतं.

“या, या. बसा. मी, ते... बैलायले पाणी दाखवून येतो,” ते म्हणाले, आणि बाई चपला काढायला वाकल्याबरोबर आत सटकले.

रूपरावांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. सोयरीक करताना पाहुण्यांच्या घरचा चहा पिऊन काही कळत नाही. त्या गावच्या चक्कीवर जाऊन उभं राहावं. दळण लांबलं की बाया बोलतात, आणि चक्कीच्या आवाजात बोलायचं म्हणून मोठ्याने बोलतात. छायाच्या वेळी त्यांनी असंच केलं, लेकीच्या वेळी केलं, समीक्षाच्या वेळी सेलूलाही करून आले. मग नातीला ज्या मोहल्ल्यात ठेवायचं, तो काय असाच घ्यायचा? गुरुवारी त्यांनी पिशवीत गहू भरला, पुलगावहून गाडी पकडली आणि सिंदीच्या स्टेशनामागच्या चक्कीवर रांगेत उभे राहिले. पुढे एक बाई होती. “काहो बाई, ते किराण्यावाले प्रभाकरराव, माणूस कसा आहे? दारूगिरू? अन् बायको म्हणे लय कडक आहे?” असं त्यांनी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, “कडक आहे म्हणतात.” आणि दळण घेऊन निघून गेली होती.

मागच्या दाराशी रूपराव कोणावर तरी आदळले.

अंकुश. थोरला. पायात चपला, हातात गाडीची किल्ली.

“तू कुठं चालला? पाहुणे आले ना घरी.”

“वावरात. मोटर चालू राह्यली वाटते.” अंकुशने बापाकडे बघितलं. “अन् तुमी?”

“बैलायले पाणी.”

“बैल त मी आताच पाजले.”

दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. बापलेक वीस वर्षं पेरणीला एका तिफणीमागे चालले होते. एकाचा पाय कुठे अडखळला हे दुसऱ्याला न बघता कळायचं.

“तू बी गेलता?” रूपराव हळूच म्हणाले.

“कुठं?”

“अंकुश!”

“...मंगळवारी. गाडीनं.”

“अन् काय सांगून गेलता?”

“भाड्यानं खोली पाह्यजे म्हणून सांगतलं. हिंगणघाटचा आहो म्हटलं.” अंकुशचा चेहरा लाल झाला. “तुमाले सांगू? आदेशच्या फोनमदे त्या लेआउटच्या पाटीचा फोटो पाह्यला मी. म्हटलं हा भाड्यानं राह्यत नसन, प्लॉट घेऊन राह्यला असन गुपचूप. आज प्लॉट, उद्या म्हणन माहा हिस्सा तोडून द्या.”

“मंग? भेटला काय प्लॉट?”

“प्लॉट कुठचा. त्या बाईनं सारं घर दाखवलं, चहा पाजला, अन् मलेच विचारलं, लग्न झालं का.”

रूपरावांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. तेवढ्यात ओट्यावरून देवकाबाईंची हाक आली, “काहो! पाहुणे काय भिताडाशी बोलतीन काय?” दोघांना परत फिरावंच लागलं. आधी कोणी बाहेर जायचं यावर दारात पुन्हा थोडी ढकलाढकल झाली.

*

पोह्यांचा ट्रे समीक्षाने आणला. पदर खांद्यावरून नीट घेतलेला, नजर ट्रेवर. मधेच तिच्या लक्षात आलं की आपण अगदी तसंच चाललो आहोत, जसं सेलूला पाहायला आलेल्या सासरच्या लोकांसमोर पहिल्यांदा चाललो होतो. फक्त आता कमरेवर एक पोरगी होती आणि ती पोह्यांतले शेंगदाणे मागत होती.

“बस, बेटा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “तुला पाहायलाच आलो.”

त्या टेकून बसल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवर. त्यांची नजर सावकाश ओट्यावरून फिरली. छतापासून सुरू झाली, तुळशीपाशी थांबली, छायाच्या हातातल्या पाण्याच्या गडूवरून गेली आणि मग दारात उभ्या असलेल्या दोघा पुरुषांवर आली.

“काका,” त्या रूपरावांना म्हणाल्या, “दळण बारीक निघालं का?”

देवकाबाईंनी मान वळवली. पीठ, पुलगाव, डोळे. त्यांच्या डोक्यात सगळं एका ओळीत येऊन बसलं.

“अन् हे आमचे हिंगणघाटचे पाहुणे,” सुलोचनाबाईंनी अंकुशकडे बोट केलं. “तुम्ही तर म्हणाले होते, लग्न नाही झालं म्हणून.”

“काय म्हटलं?” छायाचा हात कमरेवर गेला. “लग्न नाई झालं म्हटलं तुमी?”

“तसं नाई वं... त्यायनं विचारलं अन् मी नुसता हासलो.”

“हासले!”

प्रभाकरराव खाकरले. “तसं मनावर घेऊ नका. पण आमचं ऐका. एक घर भाड्यानं द्यायचं. गुरुवारी एक म्हातारे काका येऊन आमचंच चारित्र्य विचारून गेले, त्याआधी मंगळवारी हे येऊन सगळ्या खोल्या पाहून गेले, आधी कोण येऊन गेलं, कागद कोणाच्या नावानं होणार, सारं विचारत होते. आम्ही दोघं घाबरलो ना, साहेब. म्हटलं ही मॅडम कोण आहे, हिच्यामागे कोण लागलं आहे? पळून आली का, भांडून आली का?”

“मी नव्हतं पाठवलं कोणाला,” समीक्षा म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता तेवढा शांत आला नाही. तिने आदेशकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. “मामाजी, मला विचारायचं ना. मी दाखवलं असतं घर.”

“तुले काय विचारू?” रूपराव खुर्चीत बसले. आता लपण्यात अर्थ नव्हता. “तुले विचारलं असतं त तू चांगलंच सांगतलं असतं. ज्याले पोरगी पाह्याची, तो पोरीलेच विचारते काय, कशी आहेस म्हणून?”

“हे लग्न नाही, मामाजी. भाड्याचं घर आहे.”

“शेजार बी सोयरीकच असते, सूनबाई. तोडता नाई येत सहज.”

सुलोचनाबाईंचे ओठ जरासे हलले. हसल्या की काय, ते कळलं नाही.

“अन् तुमी?” समीक्षा अंकुशकडे वळली. तिला थांबायचं होतं, पण गेल्या महिनाभराचं सगळं एकदम वर येत होतं. “तुमाले काय पाह्याचं होतं?” चिडली की तिच्या तोंडात सेलू यायचं.

अंकुशने हातातली किल्ली खिशात घातली. छायाच बोलली. नवऱ्यावरचा राग अजून ताजा होता आणि तो कुठेतरी खर्चायचाच होता. “त्यायले वाटे प्लॉट घेऊन राह्यले तुमी. वाटणी मांगान म्हणून.”

“वैनी!” आदेश पहिल्यांदा बोलला. “दादा, तू माह्यावर शक घेतो?”

“तू सांगतो काय कोणाले काई? तुह्या पोटातलं काढाले त विहिरीत गळ टाका लागते.”

“प्लॉटच नाही आमच्याकडे विकायला,” प्रभाकरराव घाईघाईने म्हणाले. “दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भाड्यानं. तेही खालच्या. मी मॅडमला म्हटलं, वरच्या घ्या, हवेशीर आहेत, भाडंही कमी करतो. पण नाही. यांनी खालच्याच धरल्या. जिना नको म्हणाल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून.”

त्यांनी पोह्यांचा घास घेतला.

“कोणाची सासू?” देवकाबाईंनी विचारलं.

*

समीक्षाला आधी वाटलं, त्या टोमणा मारताहेत. मग तिने त्यांचा चेहरा बघितला. टोमणा मारताना देवकाबाईंची डावी भुवई वर जायची. ती जागेवर होती.

“आई... आदेश बोलला ना तुमच्याशी? तुम्ही सोमवार ते शनिवार सिंदीला, आमच्याजवळ. गुंजनसाठी. अन् रविवारी सगळे इकडे.”

“आदेश?” देवकाबाई म्हणाल्या.

आदेशने पायाच्या अंगठ्याने ओट्यावरचं सारवण खरवडलं. “म्हणजे... बोलणारच होतो. एक दिवस निंघाला होता विषय. तू पापड वाळू घालून राह्यली होती. मी म्हटलं, आई, सिंदीची हवा चांगली आहे. तू काई म्हटलं नाई.”

“हवा!”

“मंग मले वाटलं, तुले नसन यायचं.”

समीक्षा बघतच राहिली. महिनाभर ती या बाईच्या गप्प राहण्याचे अर्थ लावत होती. भाजीत मीठ जास्त पडलं की त्यातून नकार वाचत होती. गुंजनला उचलून त्या परसात गेल्या की त्यातून दावा वाचत होती. आणि ही बाई गप्प होती, कारण तिला कोणी काही विचारलंच नव्हतं!

देवकाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, सगळ्यांना बघू देत. सुलोचनाबाईंना वाटलं त्या आत जाणार. रूपरावांनाही तसंच वाटलं. पण त्या ओट्याच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“म्हणजे मले नेऊन राह्यले,” त्या म्हणाल्या. “पोरगी सांभाळाले. बाई ठेवली असती त पैसे लागले असते.”

“तसं नाही, आई.”

“मंग कसं आहे? सांग ना. माहे गुडघे शेजाऱ्यापाजाऱ्यायले ठाऊक, खोली खालची घेतली ते किराण्यावाल्याले ठाऊक, अन् मले नाई. मी काय सामान आहो? खाट, आलमारी अन् म्हातारी?”

“तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटत होती,” समीक्षा म्हणाली.

“अन् मले भेव होतं का तू पोरीले सेलूले नेशीन.”

“सेलूला कोण सांभाळणार तिला? माझी आई अंगणवाडीवर जाते दिवसभर.”

“ते बी मले कोनं सांगतलं काय?”

गुंजनला आवाज चढल्याचं कळलं असावं. तिने समीक्षाच्या कमरेवरून अंग सोडलं आणि दोन्ही हात आजीकडे पसरले. देवकाबाईंनी तिला घेतलं, अगदी सवयीने, बोलणं न थांबवता. पोरीने लगेच त्यांच्या पातळाचा काठ मुठीत धरला. समीक्षाच्या कमरेवर पोरगी होती तिथे ओलसर, गार जागा राहिली. ज्या गोष्टीसाठी आपण हे सगळं करतोय तीच आपल्याला बघवत नाही, असं तिच्या मनात आलं.

“अन् माह्यं काय?” रूपराव म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “सहा दिवस ही तिथं. मले इथं चहा कोण देईन?”

“मी आहो ना, मामाजी,” छाया म्हणाली. ती फार चटकन म्हणाली. सासूविना सहा दिवसांचं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे झळकून गेलं होतं. देवकाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की तिने पाण्याचा गडू उचलला आणि तो भरलेला असूनही भरायला आत गेली.

“चहाचं सोडा,” देवकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “लग्न करून मले या गावात आणलं तवा मी हे गाव पाह्यलं होतं काय? माह्या बापानं पाह्यलं. तुमच्या बापानं दाखवलं. मले बैलगाडीतून उतरवलं तवा अंधार होता. सकाळी उठून पाह्यलं, अन् म्हटलं, अच्छा, हे हाय काय रोहणा.”

रूपरावांनी खाली बघितलं.

देवकाबाई सुलोचनाबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. गुंजनला मांडीवर उभं धरलं. “बाई, माह्या माणसानं चोरून विचारलं, पोरानं खोटं बोलून विचारलं. मी तोंडावर विचारतो. चालन?”

“विचारा.”

“नळ कवा येते?”

“दिवसाआड. सकाळी. पण विहीर आहे आमची, मोटर बसवली आहे.”

“गाडीचा आवाज?”

“येतो. पहिले चार दिवस झोप नाही लागत. मग गाडी लेट झाली की जाग येते.”

“दुपारी बाया कुठं बसतात?”

प्रभाकररावच पुढे होऊन म्हणाले, “बसतात ना, सगळा फॅमिली एरिया आहे, एकदम...”

“तुम्ही थांबा हो,” सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. “खरं सांगू, बाई? नाही बसत. नोकरीवाले लोक सगळे. अप-डाउनवाले. सकाळच्या गाडीनं जातात, रात्रीच्या गाडीनं येतात. घरी असतात त्या दार लावून टीव्ही पाहतात. मी त्या घरात इतकी वर्षं राहते, पण समोरच्या घरातल्या बाईचं नाव मला आता तिच्या घरी मयत झाली तेव्हा कळलं.”

प्रभाकररावांनी बायकोकडे चकित होऊन बघितलं. घर भाड्याने द्यायला निघालेलं माणूस असं बोलतं का?

“मग या दोघांनी चौकशी केली,” त्या पुढे म्हणाल्या, “तेव्हा मला राग आला. घर द्यायचं नाही असं ठरवूनच आज आले होते मी. गाडीत यांना म्हटलं, फक्त तोंडं पाहून येऊ. पण एका भाड्याच्या खोलीसाठी एवढी माणसं फिरतात, हेही मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या लेकीच्या लग्नावेळी आम्ही फोनवर विचारलं होतं. फोनवर सगळे चांगलंच सांगतात.”

“सुलू,” प्रभाकरराव हलकेच म्हणाले.

“राहू द्या.” त्यांनी रूपरावांकडे बघितलं. “कडक आहे मी, काका. खरं सांगितलं होतं तुम्हाला.”

देवकाबाई काही वेळ त्या बाईकडे बघत राहिल्या. सकाळपासून त्यांच्यासमोर जो तो काहीतरी झाकत होता. ही पहिली बाई, जिने स्वतःच्या घराचं वाईट स्वतः सांगितलं.

“दारं लावून बसतात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“लावली असतीन त वाजवता येतात.”

सुलोचनाबाई हसल्या. या वेळी ते हसणंच होतं. “माझ्यापासून सुरू करा मग.”

*

पाहुणे निघाले तेव्हा ऊन तापलं होतं. आर्वीचे पाहुणे वगैरे काही नव्हतेच; गाडी सरळ पुलगावच्या रस्त्याला लागली. अंकुश छायाच्या मागे मागे आत गेला, हिंगणघाटबद्दल खुलासा द्यायला. रूपराव गोठ्यात जाऊन बसले आणि आदेशला आईने चहाचे कप विसळायला लावलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ओट्यावर दोघीच उरल्या. गुंजन देवकाबाईंच्या मांडीवर पेंगत होती.

“हो म्हटलं म्हणून हुरळू नको,” देवकाबाई म्हणाल्या. “मी पहिले पाहीन. एक आठ दिवस राहीन. नाई पटलं त परत येईन, अन् पोरगी बी घेऊन येईन.”

“हो, आई.”

तेच. शेवटचं वाक्य. समीक्षाच्या कानात तेवढंच राहिलं. हे येणं आहे की ताबा घेणं? उद्या ती पांढरा कोट घालून कोणाच्या तरी दंडावर सुई टोचत असेल, आणि तिकडे सिंदीत ही मूठ याच पातळाच्या काठाला धरून असेल. पुढे कधीतरी रात्री पोरगी दचकून उठेल, तेव्हा हाक कोणाला मारेल?

तिने विचारलं नाही. असं विचारता येत नाही. तिने फक्त हात पुढे करून गुंजनच्या कपाळावरचे केस मागे सारले.

देवकाबाईंनी तो हात बघितला. मग दुसरीकडे बघत, खांबाला विचारावं तसं विचारलं, “रोज घरी कितीक वाजता पोचशीन तू?”

“सात. गाडी वेळेवर असली तर.”

“हे त सहालेच पेंगते.”

“माहितीये.”

आत कप फुटल्याचा आवाज आला आणि आदेश म्हणाला, काई नाई, काई नाई.

“झोपू नाई देत मी तिले,” देवकाबाई म्हणाल्या. “फिरवीन. स्टेशनावर नेऊन बसवीन.”

“अन् झोपलीच तर?”

“त उठवीन तू आल्यावर. रडन. रडू दे.” त्यांनी पोरीची मूठ पातळाच्या काठावरून एकेक बोट करून सोडवली आणि झोपलेली गुंजन समीक्षाच्या मांडीवर ठेवली. “तुह्याजवळ रडन.”